बाईंचा उजवा खांदा

टाचणीकाकूंच्या दुकानाचं कौतुक सगळी गल्ली करायची आणि कपडे मात्र फोनवर मागवायची. काकूंची मुख्य तक्रार ही. बाकीच्या तक्रारी हिच्याच पोटातून निघालेल्या.

दुकान चिंचोळं होतं. एका अंगाला चष्मेवाला, दुसऱ्या अंगाला किल्ल्या बनवणारा, आणि मध्ये काकूंची काच. काचेमागे बिनडोक्याचे दोन पुतळे, त्यांच्या अंगावर काकूंनी स्वतः बेतलेले, स्वतः शिवलेले कपडे. आत गेलं की एका भिंतीला हँगरची रांग, दुसऱ्या भिंतीला उंच आरसा, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा, आणि अगदी मागे शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल. एका नमुन्याचा एकच कपडा शिवायचा, असा काकूंचा हट्ट. आपल्यासारखाच ड्रेस घातलेली दुसरी बाई रस्त्यात भेटली की अंगावरच्या कपड्याची मजाच जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून लोक टाचणीकाकू म्हणत. त्यांना ते नाव आवडत नसे, पण गल्लीनं एकदा ठेवलेलं नाव काही परत घेता येत नाही.

काकूंची काम करायची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीनंच त्यांचा घात केला, असं म्हणायला हरकत नाही. दारातून बाई आत आली की काकूंना चेहऱ्याच्या आधी तिचा बांधा दिसायचा. कुणाची कंबर एका बाजूनं वर, कुणाची मान पुढे आलेली, कुणाचं बाळंतपणानंतर सुटलेलं पोट. दिसायचं सगळं, पण बोलायचं नाही. काकूंना शिवण शिकवणाऱ्या मावशीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माप घेताना तोंड बंद. बाईला तिच्या अंगातलं व्यंग सांगितलंस की ती परत येत नाही." काकूंनी ते जन्मभर पाळलं. त्या गुपचूप कापड तिरकं धरायच्या, एखादी चुणी इकडची तिकडे करायच्या, अस्तर जाड लावायच्या, आणि व्यंग नाहीसं व्हायचं. गिऱ्हाईक आरशात बघून खूष व्हायचं आणि सगळं श्रेय स्वतःच्या बांध्याला द्यायचं. काकू मागे उभ्या राहून "छान दिसतंय हो" म्हणायच्या. दुसऱ्याला फुकट मोठेपणा वाटत सुटणं म्हणजे तरी आणखी काय असतं?

मग पार्सलांचं खूळ आलं.

सुरुवात वरच्या मजल्यावरच्या नर्सपासून झाली. तिची दिवसपाळी, घरी कुणी नाही, तेव्हा "काकू, माझं एक पार्सल येईल, ठेवून घ्याल का?" काकूंनी ठेवून घेतलं. शेजारधर्म म्हणून. महिन्याभरात अर्ध्या गल्लीनं दुकानाचा पत्ता देऊन टाकला. पार्सलवाला रोज सकाळी यायचा, इस्त्रीच्या टेबलाखाली खोकी रचायचा आणि "काकू, तुमच्यामुळे माझी पायपीट वाचते" म्हणून हसत निघून जायचा. खोक्यांत काय असायचं? कपडे. कपड्यांच्या दुकानात बसून काकू दुसऱ्यांचे कपडे राखत होत्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण बायका संध्याकाळी यायच्या, पार्सल तिथंच फोडायच्या, काकूंच्या पडद्याआड जाऊन घालून बघायच्या, काकूंच्या आरशात वळून वळून बघायच्या आणि वर काकूंनाच विचारायच्या, "इथं जरा झोळ पडतोय का हो?" झोळ तर पडायचाच. तो कपडा कोण जाणे कुठल्या मापाच्या बाईसाठी शिवलेला. काकूंच्या डोळ्यांना ते बघवायचं नाही. बोट आपोआप टाचणीकडे जायचं. वाईट बसलेला कपडा आपल्या दारातून बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा आजारच होता. मग "असू दे, उद्या ये, दोन टाके घालून ठेवते." आणि हँगरवरचे त्यांचे स्वतःचे कपडे धूळ खात लटकलेले.

काकूंचा नवरा पोस्टात होता. तो एकदा दुकानात डोकावला, खोक्यांचा ढीग बघितला आणि म्हणाला, "आमच्या पोस्टात एवढी पार्सलं येत नाहीत ग. तू एक शिक्का करून घे."

काकूंना हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात जागेचे मालक येऊन गेले होते. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागेच्या मागे लागला होता. मालक भले गृहस्थ, त्यांनी धमकी दिली नाही, एवढंच म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत सांगा. ठेवायचं तर ठेवा, सोडायचं तर सोडा, पण मला एक काय ते कळू द्या."

काकूंनी त्या रात्री जेवताना नवऱ्याला सांगून टाकलं, "शाळेतल्या बाई निवृत्त होतायत. हॉलमध्ये मोठा निरोपसमारंभ आहे. सगळी वस्ती येणार. व्यासपीठावर बाई माझं जाकीट घालून उभ्या राहणार. ते बघून लोक आले तर दुकान ठेवते. नाही आले तर सोडते. मग मला कुणी काही म्हणायचं नाही."

नवरा म्हणाला, "बाईंनी सांगितलंय शिवायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्या दुसरीकडचं कधी अंगाला लावतात का?"

हे खरं होतं. मास्तरीणबाई नोकरीला लागल्यापासून काकूंचेच कपडे घालत होत्या. आणि त्याला कारण होतं. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली होता. वह्यांच्या पिशव्या वाहून झाला असेल किंवा जन्मापासून असेल, काकूंनी कधी विचारलं नाही. पहिल्याच मापाला त्यांच्या लक्षात आलं होतं आणि तेव्हापासून बाईंच्या प्रत्येक कपड्याच्या उजव्या खांद्यात आतून पातळ गादी, उजव्या बाहीची जोडणी किंचित वर, पाठीची शिवण जराशी तिरपी. हे सगळं एवढं बेमालूम की बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या की ताठ दिसायच्या. गल्लीत कुणी ताठ मानेनं चालणारं दिसलं की लोक म्हणत, "अगदी शाळेतल्या बाईंसारखी." काकू ऐकायच्या आणि गप्प बसायच्या.

जाकीट गडद निळं होतं. कापड काकूंनी स्वतः बाजार पालथा घालून आणलं होतं. काजं हातानं केली, अस्तर दोनदा उसवून पुन्हा लावलं. शेवटचं बटण लावायचं राहिलं होतं, तेव्हा पार्सलवाल्यानं एक खोकं आणून ठेवलं. वर बाईंचं नाव.

भांडी असतील, पुस्तकं असतील, अशी काकूंनी मनाची समजूत घातली. पण इतक्या वर्षांत कापडाचं पार्सल हाताला न कळण्याइतक्या त्या काही दूधखुळ्या नव्हत्या.

बाई संध्याकाळी आल्या त्या हरखूनच. "सुनेनं पाठवलंय ग. समारंभासाठी. मुलगा आणि ती, दोघं खास येणार आहेत. मी म्हटलं कशाला, तर म्हणे आई, तुम्ही नेहमी तेच तेच घालता."

तेच तेच. काकूंनी टाचण्या ओठांत घट्ट धरल्या.

बाई पडद्याआडून बाहेर आल्या. ड्रेस निळाच होता, दिसायला बरा होता, पण उजवीकडून खांद्यावरून घसरत होता आणि डावीकडे काखेत रुतत होता. बाईंनी आरशात बघितलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "कापायला चुकलेत वाटतं. जरासं नीट करून दे ना. तुझ्या हाताखालून गेलं की कसं बरं वाटतं."

त्या वेळी काकूंनी बोलायला हवं होतं. जाकीट मागे हँगरवर चादरीखाली होतं. हात लांब केला असता तर झालं असतं. पण बाई इतक्या खुशीत होत्या, सुनेनं पहिल्यांदाच काही पाठवलं होतं, आणि काकूंच्या स्वभावात मेलं तोंड उघडणं नव्हतंच. त्या म्हणाल्या, "ठेवून जा, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रेस उसवला आणि कपाळावर हात मारला. शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडायचं असतं. शिवणारे त्याला माया म्हणतात. कंपनीनं माया म्हणून नखाएवढी ठेवली नव्हती. खांदा उचलायचा तर कापड हवं, काखेत सैल करायचं तर कापड हवं, आणि त्या निळ्याला जुळेल असं कापड सगळ्या दुकानात एकच होतं. काकू दुपारभर त्या जाकिटाकडे बघत बसल्या. मग त्यांनी कात्री घातली. जाकिटाची पाठ गेली, मग बाह्या गेल्या, मग पुढचे भाग गेले, मग अस्तरही गेलं, कारण ड्रेसचं अस्तर कागदासारखं होतं. संध्याकाळपर्यंत त्या ड्रेसच्या वरच्या भागात कंपनीचा गळा आणि बटणं तेवढी उरली. बाईंनी पुन्हा घालून बघितला. "बघ, कसा झक्क झाला. दोन टाक्यांचंच काम होतं," असं म्हणून त्या घेऊन गेल्या.

समारंभाला हॉल गच्च भरला होता. काकू मधल्या रांगेत बसल्या होत्या. बाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि हॉलमध्ये एक कुजबूज गेली. ताठ खांदे, पाठीवर एक सुरकुती नाही, हात वर केला तरी कापड जागचं हललं नाही. काकूंचे डोळे भरून आले, त्याला त्यांचा इलाज नव्हता. भाषणं संपल्यावर बायकांनी बाईंना गराडा घातला. कुठून घेतला, कुठून घेतला. सून शेजारीच उभी होती. तिनं फोन काढून कंपनीचं पान दाखवलं, आणि बघता बघता दहा-बारा फोन पुढे आले. बाईंची नजर गर्दीवरून फिरत काकूंपर्यंत आली. क्षणभर थांबली. मग पुढे गेली. "सुनेची निवड आहे," बाई म्हणाल्या.

काकू कुणाचा निरोप न घेता घरी आल्या. नवरा म्हणाला, "अग, मग सांगायचंस तिथल्या तिथं."

"काय सांगू? बाईंच्या खांद्याचं सगळ्यांसमोर सांगू?"

नवरा उठून पानं मांडायला लागला.

पुढचे काही दिवस पार्सलवाल्याला रोज दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तोच ड्रेस. निळा, हिरवा, करडा, गुलाबी. बायका एकामागून एक पडद्याआड जायच्या आणि पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर यायच्या. "बाईंना कसा चापूनचोपून बसला होता. मलाच का पोत्यासारखा?" आणि मग ते वाक्य, जे ऐकून काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, "काकू, तेवढं बाईंच्यासारखं करून द्या ना." एकीचा करून दिला. दुसरीचा करून दिला. काकूंनी पैशाचं नाव काढताच तिसरीनं भुवया वर केल्या. "दोन टाक्यांचे कसले पैसे हो? चूक तर कंपनीची आहे." हँगरवरच्या एकाही कपड्याला त्या काळात कुणी हात लावला नाही. हंगाम संपत आला होता.

अशातच एके सकाळी बाई आल्या. पार्सल आदल्या दिवशी त्यांनी घरीच घेतलं होतं. तोच ड्रेस, या खेपेला मरून. पहिला एवढा गाजला म्हणून सुनेनं लगेच दुसरा पाठवला होता. बाई तो अंगावर घालूनच आल्या होत्या, वर शाल. त्यांनी शाल काढली आणि आरशापुढे उभ्या राहिल्या.

"हा काही तसा नाही ग," त्या म्हणाल्या. "बघ ना. कंपनीचा दर्जा घसरला."

काकू मशीनवर होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं. उजवा खांदा उतरलेला, तिथून निघालेला झोळ पार कमरेपर्यंत, एक बाही मनगटाच्या खाली आणि एक वर. टाचण्यांची डबी हाताशी होती. काकूंचा हात उठला आणि, देवाशपथ, परत मशीनवर आला.

"छान दिसतोय, बाई," काकू म्हणाल्या. "असाच राहू द्या."

"असाच?"

"हो. हल्ली असेच घालतात."

बाईंनी पुन्हा एकदा आरशात बघितलं. त्यांना पटत नव्हतं, पण कपड्यांच्या बाबतीत काकूंचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. शाल घडी करून पिशवीत टाकली आणि बँकेत जायचंय म्हणून त्या निघाल्या. काकू काचेतून बघत राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारातून असा कपडा बाहेर पडला होता.

दोनच मिनिटांत चष्मेवाला आत आला. चेहरा काळजीचा. "काकू, बाईंना काय झालंय? बऱ्या नाहीत का? एका बाजूला कलून चालल्यात. झटका-बिटका तर नाही ना आला? समोरचे सगळे बघतायत."

खोटं कशाला सांगा, काकूंना आधी बरं वाटलं. बघू देत. कळू दे एकदा, मी काय करत होते ते. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. समोरचे सगळे बघतायत, हे शब्द कानात राहिले. जे जन्मभर झाकलं ते आपणच रागाच्या भरात रस्त्यावर मांडलं. काकूंनी डबी उचलली आणि दुकान उघडं टाकून त्या पळत सुटल्या. त्या वयात पळणं म्हणजे काय ते पळणाऱ्यालाच माहीत.

बाई औषधांच्या दुकानापाशी सापडल्या. काकूंनी त्यांना दंडाला धरून बंद शटरच्या आडोशाला ओढलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि खांद्याचं कापड चिमटीत घेतलं.

"अग, काय करतेस? आत्ता तर म्हणालीस छान दिसतोय."

"खोटं बोलले. नीट उभ्या राहा. तुमचा खांदा उतरलेला आहे आणि हे त्या कंपनीला माहीत नाही."

बाई वळल्या. "कुणाचा खांदा?"

"तुमचा. उजवा."

बाईंनी डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला. मग काढला आणि उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला. काकूंना तेव्हा कळलं की बाईंना हे खरोखरच माहीत नव्हतं. काकूंना वाटत आलं होतं की माहीत आहे, फक्त आपण दोघी बोलत नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"मी पहिलं माप घेतलं तेव्हापासून."

"आणि मी इतकी वर्षं वर्गात अशी उभी राहत होते? पोरांनी बघितलं असणार. पोरं काही सोडतात का."

"कुणी बघितलं नाही. मी दिसू दिलं नाही."

मग काकूंचं तोंड सुटलं ते सुटलंच. जाकिटाचं सांगितलं, कापडाचं सांगितलं, पाठ, बाह्या, अस्तर, सगळं. "सुनेच्या ड्रेसमधलं काय उरलं होतं, तर गळा आणि बटणं. त्यावर सगळी गल्ली कंपनीचं नाव घेत सुटली. आणि तुम्ही हॉलमध्ये माझ्याकडे बघितलंत, बाई. बघितलंत आणि मान वळवलीत."

रस्त्यावरून येणारे जाणारे बघत होते, म्हणून बाईंनी पिशवीतली शाल काढून अंगावर घेतली. "सून शेजारी उभी होती ग," त्या म्हणाल्या.

"हो. आणि मी समोर बसले होते."

"तू तेव्हाच बोलायचं होतंस. मला निदान खांद्याचं तरी सांगायचं होतंस." आता बाईंचाच आवाज चढला होता. "माझं शरीर, आणि मलाच माहीत नाही."

हे काकूंच्या ध्यानीमनी नव्हतं. आभार राहिले बाजूला, उलट त्यांच्यावरच डाफरणं. पण खोटंही नव्हतं, त्यामुळे त्यांना धड चिडताही येईना. त्यांनी टाचण्या डबीत टाकल्या.

"माझं चुकलं असेल," काकू म्हणाल्या. "आता ऐका. मालकांना उद्या सांगायचंय, दुकान ठेवते की सोडते. हा ड्रेस परत पाठवून द्या. मी तुम्हाला नवा शिवते, मरूनच शिवते, एक पैसा नको. पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. सुनेनं विचारलं तर तिलाही. तुम्ही एकदा सांगितलंत तर गल्ली येईल. तुमच्या शब्दावर येईल. मग मी दुकान ठेवते."

बाईंनी शाल खांद्यावर ओढून घेतली. उजव्या बाजूला जरा जास्तच. त्या रस्त्याकडे बघत होत्या, काकूंकडे नाही. सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, एवढ्या बायकांना आता काय सांगायचं, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना काकूंना वाचता येत होतं.

"बघते," बाई म्हणाल्या, आणि बँकेच्या दिशेनं चालू लागल्या.

दुकानातला प्रत्येक हँगर खालीवर करून, तीन-चार कपडे अंगावर घालून, मग काहीही न घेता बाहेर पडणारी बाई दारात हाच शब्द म्हणते. काकूंनी तो आयुष्यभर ऐकला होता. हा शब्द म्हणून गेलेली एकही बाई परत आलेली त्यांना आठवत नव्हती.

दुकानात येऊन त्यांनी मालकांना फोन लावला आणि जागा सोडत असल्याचं सांगितलं. मालक म्हणाले, "उद्यापर्यंत वेळ आहे की, काकू. विचार करून सांगा." काकू म्हणाल्या की विचार झालाय. फोन ठेवला, तेव्हा पार्सलवाला दारात उभा होता. काकूंनी त्याला नेहमीसारखी टेबलाखालची जागा करून दिली.